पुसायचा राहिलेला ठिपका

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, बरं का मित्रांनो! फळा म्हटलं की तुम्हाला पाढे आठवणार, गृहपाठ आठवणार. माझ्यावर कुणी कधी पाढे लिहिले नाहीत. मी कामाचा फळा. एका मोठ्या लाँड्रीच्या भिंतीवर मी एकवीस वर्षं टांगलेला होतो, आणि रोज सकाळी सात वाजता अठ्ठावीस माणसं माझ्याकडे बघून आपापल्या कामाला लागत होती. आज मी अडगळीच्या खोलीत तुटक्या ट्रॉल्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या अंगावर खडूचा एक ठिपका आहे. तो पुसायचा राहिला. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. सांगताना मला माझीच लाज वाटणार आहे, पण सांगतो.

माझा जन्म एका खोक्यातून झाला. लाँड्रीचं पहिलं मोठं धुलाईयंत्र ज्या लाकडी खोक्यातून आलं, त्याच खोक्याच्या फळ्या जोडून सुतारानं मला बनवलं. मोठ्या चिकाटीचा माणूस होता तो. दोन दिवस मला घासत बसला. मग काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि स्वतःच लांब उभा राहून म्हणाला, "वा! काय दिसतोय!" उजव्या कोपऱ्यात लाकडाची एक गाठ तेवढी राहिली. तिथे आला की खडू हटकून घसरायचा. सांगायचा मुद्दा काय, तर यंत्र आणि मी एकाच गाडीतून आलो. यंत्रांशी माझं वैर नाही. म्हातारा झालो म्हणून नव्या गोष्टींच्या नावानं बोटं मोडतोय, असं कृपा करून समजू नका.

आमच्या लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरी यायच्या, डॉक्टरांचे डगले यायचे, हॉटेलांचे टॉवेल यायचे. ढीगच्या ढीग. कामं सहा. मळलेले कपडे वेगळे करायचे ती निवड. मग धुलाई, मग वाळवण. मग रोल, म्हणजे तापलेला लोखंडी रूळ. ओली चादर एका बाजूनं घालायची की दुसऱ्या बाजूनं कडक होऊन बाहेर. मग घडी, आणि शेवटी गाडी भरणं. निवडीच्या टेबलावर नाक मुठीत धरून उभं राहावं लागे. रोलवर घामाच्या धारा. घडीचं टेबल तेवढं खिडकीशी होतं, तिथे वारा यायचा आणि बसायला स्टूल होतं. कोण कुठे जाणार, हे माझ्यावर लिहिलं जायचं. म्हणजे बघा, माझा रुबाब केवढा!

लिहायच्या मुकादमबाई. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. आवाज खणखणीत, चाल भरभर, आणि तोंडानं फटकळ. पण त्यांची एक रीत होती. त्या आधी लिहून ठेवत नसत. सात वाजता खडू हातात घेऊन दारात उभ्या राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला बघत. डोळे बघत, हात बघत, चालणं बघत. "काय, कसं काय?" एवढंच विचारत. उत्तर काय येतंय याकडे फारसं लक्ष नसे, कसं येतंय याकडे असे. अठ्ठावीस माणसं आत आली की मग माझ्याकडे वळत आणि पाच मिनिटांत सहाही रकाने भरून टाकत. नावं टोपणनावंच असत. लाँड्रीत खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारतच नसे. कधी न थांबता बोलणारा गप्पू, रोल सांभाळणारे रोलदादा, आणि घडीच्या टेबलावरच्या घडीमावशी. मावशींचा हात असा चालायचा की चादर टेबलाला लागायच्या आत तिची घडी झालेली असे. नवी माणसं काम सोडून बघत राहायची.

आता ठिपक्याचं सांगतो.

एके सकाळी रोलदादा कामावर आले. तीनच दिवसांपूर्वी त्यांचे वडील गेले होते. घरी बसवत नाही, म्हणाले. बाईंनी सवयीनं 'रोल' या रकान्यात खडू टेकवला आणि तिथेच थांबल्या. हात पुढे जाईना. मग त्यांनी खडू उचलला आणि दादांचं नाव घडीच्या रकान्यात लिहिलं. लिहून झाल्यावर नावापुढे खडूचा एक बारीक ठिपका दिला. का दिला, ते त्यांनाही तेव्हा सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी घडीच्या टेबलावर दादांचा हात मध्येच थांबायचा, आणि शेजारचे हात त्यांच्या वाटणीच्या चादरी गुपचूप ओढून घ्यायचे. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून ती रीतच पडली. ज्याच्या नावापुढे ठिपका, त्याला आज सांभाळून घ्यायचं. कुणाला ताप असे, कुणाचं घरी भांडण झालेलं असे, कुणी रात्रभर जागलेलं असे. कारण विचारायचं नाही. ठिपक्यावरून कुणी कुणाला चिडवायचं नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, संध्याकाळी मी पुसला जात असे. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. काल ठिपका होता म्हणून आज कुणी कमी ठरत नसे.

गप्पूनं एकदा लबाडी करून बघितली. लंगडत लंगडत आत आला. तोंड एवढंसं केलेलं. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, दारापर्यंत डावा पाय दुखत होता ना? आत आल्यावर उजवा कसा झाला?" सगळी लाँड्री हसली. गप्पूही हसला आणि निमूटपणे निवडीच्या टेबलावर गेला. त्यानंतर ठिपका फुकटचा लाटायचा प्रयत्न कुणी केल्याचं मला आठवत नाही.

जुने साहेब होते तेव्हा पाहुण्यांना माझ्यासमोर आणून उभं करत. "ही लाँड्री वाफेवर नाही, या फळ्यावर चालते," असं म्हणत. खोटं कशाला बोलू, मला फुगायला व्हायचं.

रोज संध्याकाळी मला पुसायचं काम घडीमावशींचं. कुणी नेमून दिलेलं नव्हतं, त्यांनी आपणहून घेतलं होतं. फाटक्या चादरीचा एक तुकडा ओला करायचा, पिळायचा, आणि वरून खाली सावकाश पुसत यायचं. दिवसभराच्या वाफेनं माझं अंग तापलेलं असे. ते गार फडकं फिरलं की इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! शेवटचं नाव पुसलं की त्या म्हणत, "चला, झालं. उद्याचं उद्या."

मावशी आणि बाई एकाच दिवशी कामाला लागलेल्या. निवडीच्या टेबलावर समोरासमोर उभ्या राहून दोघींनी दोन वर्षं काढली होती. पुढे एक मुकादम झाली, एक घडीला राहिली. चारचौघांत मावशी त्यांना 'अहो बाई' म्हणत आणि दोघीच असल्या की 'अगं'. मावशींची मुलगी आजारी असे. लहानपणापासून तिला झटके येत. आले की रात्र रात्र उशाशी बसावं लागे. औषध कायमचं होतं, आणि ते कंपनीच्या दवाखान्यातून मिळायचं. नोकरी आहे तोवर औषध आहे, असा सरळ हिशेब. म्हणून मावशी कधी खाडा करत नसत. रात्रभर जागल्या तरी सकाळी सातला दारात हजर. डोळे लाल, पाठ वाकलेली, पण हजर. बाई काही विचारत नसत. ठिपका देत.

मग ते यंत्र आलं.

धुलाईचं नव्हे. हे दिसणारं यंत्र नव्हतंच. माणसांना कामं वाटून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आणतोय, असं नव्या साहेबांनी जाहीर केलं. तिच्याबरोबर एक चष्मेवाला इंजिनिअर आला. पोरगेलासा, नम्र, बाईंना 'मॅडम' म्हणणारा. बाईंना जन्मात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्यासारखी कामं वाटणारं माणूस आमच्या कुठल्याच शाखेत नाही. तुमचं डोकं आम्हाला यंत्रात उतरवायचंय."

"माझं डोकं?" बाई म्हणाल्या. "अरे बाबा, ते घरी कुणाला नको असतं, तुला कशाला हवंय?"

पण सुखावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून आल्या.

तीन महिने हे चाललं. इंजिनिअर रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहून माझा फोटो काढायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझा फोटो काढत होतं, मी अगदी ताठ उभा राहायचो. लाज वाटते म्हणालो ना, ती याचीच. मग तो बाईंना विचारायचा, याला वाळवणीला का पाठवलं, तिला गाडीवर का नाही, आणि बाई सांगत. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी 'का' असं विचारलंच नव्हतं. त्या भरभरून सांगत.

एक दिवस त्यानं विचारलं, "मॅडम, हे ठिपके कसले?"

आसपासचे चार हात थांबले. गप्पू हळूच म्हणाला, "बाई, जावयाला घरातलं सगळं सांगू नका हं." त्या यंत्राला त्यानं 'जावईबापू' नाव ठेवलं होतं. स्वतः काडी हलवायची नाही, सगळ्यांनी त्याची मर्जी सांभाळायची आणि त्यानं फक्त खोड काढायची, म्हणून.

बाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. "का नको सांगू? मी काय जन्माला पुरणार आहे? उद्या मी नसले, तर माझ्या माणसांना कोण बघणार? या यंत्राला तरी कळू दे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. ठिपका म्हणजे काय, कुणाला देतात, का देतात. "लिहून घे नीट. ठिपका असला की सांभाळून घ्यायचं. हे त्याला पहिलं शिकव."

इंजिनिअरनं मान डोलावली. त्याचा लॅपटॉप माझ्याकडे तोंड करून होता. त्यानं रकाने खाली-वर केले, 'सांभाळून घ्यायचं' यासाठी जागा शोधली. सापडली नाही. मग त्यानं लिहिलं: ठिपका, म्हणजे त्या दिवशी पूर्ण क्षमतेनं काम नाही.

मित्रांनो, ते मी वाचलं. माझ्यासमोर लिहिलं गेलं आणि मी वाचलं. पण फळ्याला तोंड नसतं. दुसऱ्यांनी लिहावं आणि आम्ही दाखवावं, एवढंच आमच्या हाती. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या जागी एखादा खिळा असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर कुणी काही लिहिलं तरी नसतं.

माझा शेवटचा दिवस मला चांगला आठवतो. आदल्या रात्री मावशींच्या मुलीला तीनदा झटके आले होते. मावशी आल्या तेव्हा त्यांच्या केसांना फणीसुद्धा लागलेली नव्हती. बाईंनी घडीच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं आणि ठिपका दिला. संध्याकाळी मावशी नेहमीप्रमाणे ओलं फडकं घेऊन माझ्यापाशी आल्या, तेवढ्यात इंजिनिअर म्हणाला, "राहू द्या, मावशी. शेवटचा फोटो राहिलाय, सकाळी उजेडात काढतो. आणि उद्यापासून फळा लागणारच नाही."

मावशींनी फडकं खाली केलं. "बरं बाबा," म्हणाल्या. ते फडकं त्यांनी माझ्याच चौकटीला अडकवून ठेवलं. 'उद्याचं उद्या' म्हणायचं त्या दिवशी राहून गेलं. सकाळी फोटो निघाला, आणि मला पुसायचं कुणालाच सुचलं नाही.

माझ्या डोक्यावरच एक पडदा बसवला. लखलखीत. त्यावर नावांऐवजी आकडे, आकड्यांपुढे रंग. हिरवा चांगला, पिवळा बरा, लाल वाईट. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा आला. हात दीड मिनिट थांबला की पट्टा थरथरायचा. बाईंच्याही मनगटावर आला. खडू गेला, हातात एक टॅब्लेट आली आणि हुद्दा बदलून 'समन्वयक' झाला. काम एवढंच, की पडद्यावर जे आलंय ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. दारात उभ्या राहायच्या त्या सवयीनं, पण आता आत येणारा माणूस त्यांच्याकडे बघतच नसे. मान वर करून पडद्याकडे बघत आत यायचा.

पहिला महिना बरा गेला म्हणायचा. गाड्या वेळेवर सुटत होत्या, साहेब खूश होते. मग एका सोमवारी मावशींच्या फोनवर निरोप आला, आज काम नाही. बुधवारी पुन्हा. पुढच्या आठवड्यात तीन दिवस. त्या तरीही सातला यायच्या आणि दारात उभ्या राहायच्या, कुठेतरी चूक झाली असेल म्हणून. ज्या दिवशी काम मिळे, त्या दिवशी निवडीच्या टेबलावर. खिडकीजवळच्या स्टुलावर आता गाडी भरणारा एक धडधाकट गडी बसलेला असायचा. त्याच्या नावापुढे कधीच ठिपका नव्हता, म्हणून यंत्रानं त्याला चांगलं काम दिलं होतं. त्याला बिचाऱ्याला घडी येत नव्हती. चादरीशी नुसती झोंबाझोंबी चालायची.

"काहीतरी गफलत आहे," बाई मावशींना म्हणाल्या. "मी बोलते साहेबांशी. तू काळजी करू नकोस."

साहेबांच्या खोलीचं दार उघडंच असे, मला सगळं ऐकू येई.

"बाई, हे मी केलेलं नाही," साहेब म्हणाले. "यंत्रानं केलंय."

"मग तुम्ही बदला. तुम्ही साहेब आहात ना?"

"बदललं तर कारण द्यावं लागतं. ही बघा कारणांची यादी. यातलं कुठलं देऊ?"

बाईंनी यादी वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. "यात मुलगी आजारी असल्याचं कुठेच नाहीये."

"नाहीच आहे. मलाही वरून आकडा येतो, बाई. माझाही रंग असतो." साहेब हे अगदी हळू बोलले. त्यांच्याही मनगटावर पट्टा होता, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

बाईंनी इंजिनिअरला बोलावून घ्यायला लावलं. तो आला आणि माझ्यासमोर उभा राहून त्यानं लॅपटॉपवरचे फोटो एकेक करून तपासले.

"यंत्र चुकलेलं नाही, मॅडम," शेवटी तो म्हणाला. "नव्वद फोटोंत मावशींचे एकेचाळीस ठिपके आहेत. सगळ्यांत जास्त. ज्याचे ठिपके जास्त त्याचा भरवसा कमी, असं ते शिकलंय."

बाईंना क्षणभर कळलंच नाही. "अरे, पण मी सांभाळून घ्यायला सांगितलं होतं!"

"हो."

"हे पहिलं शिकव म्हणाले होते!"

"ते त्याला कसं शिकवायचं, मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, मॅडम."

"मग पुसून टाक ते ठिपके. आत्ताच्या आत्ता पुस."

"ते पुसता येत नाहीत. त्यांच्यावरूनच तर ते सगळं शिकलंय." त्याचा चेहरा पार उतरला होता. त्यानं लॅपटॉप मिटला आणि कुणाकडेही न बघता निघून गेला. वाईट माणूस नव्हता तो. वाईट माणूस असता तर मला निदान कुणावर तरी रागावता आलं असतं.

बाई घडीच्या स्टुलावर जाऊन बसल्या. पट्टा थरथरला तरी उठल्या नाहीत.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मावशींचं नाव यादीतून गेलं. पट्टा आणि कपाटाची किल्ली परत करायला त्या आल्या तेव्हा सगळे चहाला गेले होते. बाई एकट्याच होत्या, माझ्या समोर.

बाईंनी लपवलं नाही, एवढं मात्र त्यांचं मानायला हवं. "तुझे ठिपके मीच सांगितले गं," त्या म्हणाल्या. "तुला सांभाळून घेतील म्हणून सांगितले. सगळे मोजले त्यांनी. एकेचाळीस."

 मावशी बोलल्या, आणि दोघीच असूनही 'तुम्ही' म्हणाल्या. "बाई, मी तुमच्याकडे ठिपका मागितला होता का कधी?"

"नाही."

"मुलीला शेजारणीवर टाकून यायचे मी. एकेचाळीस दिवस घरी बसले असते, तर रजा लागली असती, ठिपका पडला नसता. मी आले. ते एकेचाळीस दिवस मी आले हो, बाई. आता औषध कुठून आणू, सांगा."

 मावशींनी किल्ली टेबलावर ठेवली. पट्टा मनगटावरून निघता निघेना, तेव्हा बाई मदतीला पुढे झाल्या. मावशींनी हात मागे घेतला आणि दातांनी तो तोडून काढला. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. माझ्यावर त्यांचं नाव अजून होतं, पुढे ठिपका होता, चौकटीला त्यांनीच अडकवलेलं फडकं होतं, वाळून कडक झालेलं. मला वाटलं, पुसतील. मी मनातल्या मनात म्हणत होतो, पुसा हो मावशी, तुमच्याच हातानं पुसा. त्या गेल्या.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. नाही संपली. ठिपके मोजले गेले ही बातमी, दाराआडून कुणीतरी ऐकली असावी, चहा संपायच्या आत सगळ्या लाँड्रीत पसरली, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणीच बाईंना काही सांगेनासं झालं. "काय, कसं काय?" असं त्यांनी दारात विचारलं की यंत्राच्या यादीतून गळत गळत अठ्ठावीसच्या जागी उरलेली एकोणीस माणसं एकच उत्तर देत, "एकदम मजेत, बाई!" गप्पूसुद्धा. गप्पूची बडबड बंद झाली, यावरून काय ते समजा. आवारात दोन माणसं बोलत उभी असली आणि बाई आल्या की बोलणं थांबायचं. माणसांना बघायचं एवढंच बाईंना येत होतं, आणि आता माणसं त्यांच्या नजरेला घाबरत होती.

एका सकाळी रोलदादा आले. डोळे तांबारलेले, अंगात सणसणून ताप. बाईंनी बघितलं. मीही बघितलं. "दादा, बरं नाही का?" त्यांनी हळूच विचारलं. दादा मोठ्यानं हसले. "छे हो! ठणठणीत आहे मी." पडद्यावर त्यांच्यापुढे रोल आला होता. बाईंनी तो वाचून दाखवला. अकराच्या सुमाराला चादरीबरोबर दादांचा हात आत गेला.

त्यांची किंकाळी मला आजही ऐकू येते. यंत्र लगेच थांबलं, तेवढी सोय त्यात होती. पण उजव्या हाताची बोटं त्यांना पुन्हा नीट मिटता येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. लाँड्रीतला पहिला ठिपका याच दादांना मिळाला होता. पडद्यावर त्या दिवशी त्यांच्या आकड्यापुढचा रंग लाल झाला, आणि तसाच राहिला.

मावशींचं पुढे काय झालं, ते मला पुरतं माहीत नाही. गप्पूला त्या एकदा सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिसल्या. मुलगी खांद्यावर डोकं टाकून उभी होती. त्यानं हाक मारली. मावशींनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

भिंत रंगवायची म्हणून मला काढलं, ते पुन्हा लावलंच नाही. चौकटीवरचं फडकं तेवढं बाईंनी आधी काढून घेतलं होतं. माझ्या मूळ खोक्यातून आलेलं धुलाईयंत्र अजून चालू आहे. त्याची घरघर मला इथे भिंतीतून ऐकू येते. इथे अंधार आहे, दमट आहे. वाफ इथेही येते. खडू वाफेत मुरला की रंगात बसतो, हे मावशींना माहीत होतं, म्हणून त्या एकही दिवस चुकवत नसत. बाकीची नावं ट्रॉल्यांच्या घासण्यानं केव्हाच गेली. घडीच्या रकान्यातलं एक नाव आणि त्याच्यापुढचा ठिपका तेवढा राहिलाय.

परवा बाई आल्या होत्या. बाजूच्या नळावर त्यांनी काहीतरी भिजवलं, पिळलं आणि ट्रॉल्या सरकवत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात तेच फडकं होतं, फाटक्या चादरीचं. किती म्हाताऱ्या दिसत होत्या! त्यांनी हात वर केला. फडक्याचा गारवा मला लागला, अगदी अंगाला टेकायच्या आधीच. पण हात तिथेच अडला. त्या नुसत्या नावाकडे बघत राहिल्या. ओठ हलत होते, शब्द काही ऐकू आले नाहीत. आणि मग दीड मिनिट झालं.

मनगटावरचा पट्टा थरथरला. बाई दचकल्या, शाळेत चोरी पकडली गेल्यासारख्या. फडकं हातातून खाली पडलं. ते उचलायलाही त्या थांबल्या नाहीत, लगबगीनं निघून गेल्या. तेव्हापासून ते माझ्या पायाशी पडून आहे.

मित्रांनो, मी तुमच्याकडे रंग मागत नाही, भिंतीवरची जागाही मागत नाही. पण कधी इकडे आलात, तर ते फडकं एवढं ओलं करा आणि हा ठिपका पुसा. जोर लावावा लागेल. एका बाईनं दुसरीवरच्या मायेपोटी तो दिला होता, एका दिवसापुरता.